स्ट्रॅसबर्गचा हात आणि तुमचा मुलगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा सतरा वर्षांचा असून हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो बेसबॉलमधला पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, आहे आणि त्याचा चेंडू ताशी ८८ मैलांपर्यंत जातो. व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव येईल असं कोणी म्हणत नाही, मात्र एका कॉलेजने अर्धवट शिष्यवृत्ती देऊ केली आहे. २०१९ साली वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून त्या संघाचा पिचर स्टीफन स्ट्रॅसबर्ग हा त्याचा देव. "तोही हायस्कूलमधून निवडला गेला नव्हता, कॉलेजात गेला आणि तीन वर्षांत देशातला पहिला झाला," असं तो आईवडिलांना ऐकवतो. दोघेही क्रिकेटवर वाढलेले. ताई विचारतात: या उदाहरणावर किती विसंबायचं? आणि तो माणूस तेहतिशीतच कसा संपला?

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, पण गेली वीसहून अधिक वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात फेकणाऱ्यांचे खांदे आणि कोपरं हेच माझं काम आहे. त्यामुळे हे उत्तर हाताच्या बाजूने येणार. तुमच्या मुलाने सांगितलेली हकिगत खरी आहे, फक्त त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्याच्या लक्षात आलेला नाही.

२००६ च्या ड्राफ्टमध्ये ५० फेऱ्या होत्या आणि संघ ३०. म्हणजे जवळपास दीड हजार मुलं निवडली गेली, आणि सॅन डिएगोजवळच्या सँटी गावातल्या वेस्ट हिल्स हायस्कूलचा स्ट्रॅसबर्ग त्यात नव्हता. चेंडूला वेग होता, पण शरीर ढिलं होतं. उंची सहा फूट चार इंच, वजन अडीचशे पौंडांच्या घरात, आणि मनासारखं झालं नाही की माऊंडवर (पिचर जिथून चेंडू फेकतो त्या उंचवट्यावर) चिडचिड. तो घराजवळच्याच सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात गेला. तिथले शरीरबांधणीचे प्रशिक्षक डेव्ह ओटन यांनी त्याचं नाव 'स्लॉथबर्ग' ठेवलं. झाडाला लटकून राहणारा तो सुस्त प्राणी असतो ना, त्यावरून. सुरुवातीच्या व्यायामांत त्याला उलट्या व्हायच्या. बेसबॉल सोडून दे, असंही ओटन यांनी त्याला सुनावलं होतं. असलं बोलणं मला पटत नाही आणि कुठल्याही मुलाच्या बाबतीत मी त्याची शिफारस करणार नाही. पण त्यानंतर त्या मुलाने जे केलं ते बघा. वर्षभरात जवळपास तीस पौंड उतरवले, पाय आणि कंबर घडवली, आणि त्याचा चेंडू नव्वदीच्या सुरुवातीवरून थेट ९७ वर गेला.

हे कसं झालं, हे तुमच्या मुलाला नीट समजावून सांगा. कारण त्याच्या वयाच्या मुलांना वेग हातातून येतो असं वाटतं. पिचरचा वेग जमिनीतून येतो. मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय रोवला जातो, कंबर फिरते, तिच्यामागून छाती फिरते, आणि सगळ्यात शेवटी खांदा आणि हात चाबकाच्या टोकासारखे पुढे येतात. त्या क्षणी खांद्याचा सांधा सेकंदाला सुमारे सात हजार अंश या गतीने आत वळतो. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक. खालच्या कड्या कच्च्या असतील तर दोनच गोष्टी होऊ शकतात: वेग कमी पडतो, नाहीतर ती तूट हात भरून काढतो. हायस्कूलमधला स्ट्रॅसबर्ग हाताने तूट भरून काढत होता. कॉलेजने त्याला हात दिला नाही, हात त्याच्याकडे होताच. त्या हाताखालचं शरीर त्याला कॉलेजात मिळालं.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे टोनी ग्विन. सॅन डिएगो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक ग्विन स्वतः त्याच विद्यापीठातून बेसबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळलेले. पुढे वीस हंगाम एकाच संघाकडून, सॅन डिएगोच्या पाद्रेजकडून खेळले, ३,१४१ हिट्स (यशस्वी फटके) आणि .३३८ ची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर इतका मोठा फलंदाज नव्या पोराला नेटमध्ये उभं राहून शिकवतोय. ग्विन यांनी पहिल्या वर्षी, २००७ मध्ये, त्याला स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, केलं नाही. क्लोझर केलं, म्हणजे नऊपैकी शेवटची एखाद-दुसरी इनिंग (तीन बादांचा छोटा डाव) टाकायला आणलं. तेव्हा कोणाला ती बढती वाटली नसेल. आज मी त्या वर्षाचं पान उघडतो तेव्हा मला वाटतं, या कारकिर्दीतला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता. शरीर बदलत असताना, वेग अचानक वाढत असताना, त्याच्या हाताला मोजकेच चेंडू टाकावे लागले. वेग वाढला की कोपरावरचा ताण त्याच दिवशी वाढतो, पण अस्थिबंध (लिगामेंट, हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) त्या ताणाला सरावायला कित्येक महिने घेतात. स्नायू सहा-आठ आठवड्यांत जोर धरतात, लिगामेंट तसं धरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची अडचण हीच असते: हिवाळ्यात जिममध्ये वेग मिळवला आणि मार्चमध्ये शंभर चेंडू टाकले.

पुढच्या दोन वर्षांचे आकडे तुमच्या मुलाला पाठ असतील, पण तुम्हाला त्यांचं वजन कळावं म्हणून सांगतो. ११ एप्रिल २००८ रोजी युटा विद्यापीठाविरुद्ध त्याने एका सामन्यात २३ स्ट्राइकआउट केले. नऊ इनिंगमध्ये एकूण २७ जण बाद करायचे असतात, त्यांतले २३ तीन स्ट्राइक होऊन, चेंडू मैदानात न मारताच परतले. त्या उन्हाळ्यात बीजिंग ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात तो एकमेव कॉलेज खेळाडू होता. बाकी सगळे व्यावसायिक. त्या संघाला कांस्य मिळालं. २००९ च्या हंगामात त्याच्या नावावर १३ विजय, एक पराभव, नऊ इनिंगमागे फक्त १.३२ धावा दिल्याची सरासरी आणि १०९ इनिंगमध्ये १९५ स्ट्राइकआउट. म्हणजे त्याने मिळवलेल्या दर पाच बादांपैकी तीन निव्वळ त्याच्या हाताने, मागच्या क्षेत्ररक्षकांना न हलवता. कॉलेज बेसबॉलमध्ये असं वर्ष फार थोड्यांच्या वाट्याला आलंय.

मे २००९ मध्ये एअर फोर्सविरुद्धचा त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना मी टोनी ग्विन स्टेडियममध्ये बसून पाहिला. नो-हिटर झाला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नाही, आणि १७ स्ट्राइकआउट. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे स्काउट मंडळींची, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, रांग होती आणि प्रत्येक चेंडूला वेग मोजणाऱ्या बंदुका एकदम वर जायच्या. लोक चेंडू पाहायचे, मग आकड्याकडे मान वळवायचे. मी त्या संध्याकाळी त्याच्या पुढच्या पायाकडे बघत होतो. शंभराव्या चेंडूच्या आसपासही तो पाय पहिल्या चेंडूच्याच जागी, तितकाच घट्ट पडत होता. तीन वर्षांपूर्वी ज्याला मैदानाला फेरी मारवत नव्हती, त्या मुलाचा तो पाय होता. माझ्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं, हे आज सांगायला संकोच वाटत नाही.

आणि त्याचा तो एकमेव पराभव? कॉलेजमधला शेवटचा सामना. एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्ध, तुमच्याच राज्याचं. पंधरा स्ट्राइकआउट करूनही हरला.

मग ड्राफ्ट. जून २००९ मध्ये नॅशनल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि १७ ऑगस्टला, मुदत संपायला मिनिटभर उरलेलं असताना, १ कोटी ५१ लाख डॉलरचा करार झाला. तेव्हाचा विक्रम. ८ जून २०१० रोजी पिट्सबर्गविरुद्ध मोठ्या लीगमधला पहिला सामना: सात इनिंग, १४ स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) नाही, शेवटचे सातही फलंदाज स्ट्राइकआउट. ९४ चेंडू. हे सगळं यूट्यूबवर आहे. मुलाबरोबर बसून एकदा बघा, खेळाचे नियम कळत नसले तरी बघा.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी, २१ ऑगस्टला फिलाडेल्फियात, एक चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) टाकल्यावर त्याने तोंड वाकडं करून हात झटकला. कोपराचं लिगामेंट फाटलं होतं.

इथे थोडं थांबतो, कारण तुमचा खरा प्रश्न इथेच आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, एक बोटाएवढा पट्टा असतो, अल्नार कोलॅटरल लिगामेंट. हात मागून पुढे येताना कोपर बाहेरच्या बाजूला उघडू पाहतं, आणि हा पट्टा त्याला धरून ठेवतो. प्रौढ पिचरच्या कोपरावर त्या क्षणी सुमारे ६४ न्यूटन-मीटर एवढी मरोड येते असं मोजलेलं आहे. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट एकटं असताना त्याच्या साधारण निम्म्यावरच तुटतं. मग जिवंत माणसात ते प्रत्येक चेंडूला का तुटत नाही? कारण कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू उरलेला भार उचलतात. ते स्नायू दमले की भार उचलायला लिगामेंटच राहतं. बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने २००६ साली तरुण पिचरांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. जे वर्षाला आठ महिन्यांहून अधिक स्पर्धेत पिचिंग करत होते त्यांच्यात शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट होती, आणि जे दमलेल्या हाताने नेहमी पिचिंग करत होते त्यांच्यात छत्तीसपट. हा दुसरा आकडा मी माझ्या खोलीत भिंतीवर लावला आहे.

तुम्ही दोघं क्रिकेटवाले आहात म्हणून फरक सांगतो. वेगवान गोलंदाज धावत येतो आणि चेंडू टाकताना त्याला वाकलेलं कोपर झटक्याने सरळ करता येत नाही, नियमच तसा. त्यामुळे त्याचा भार कमरेच्या मणक्यावर जातो, तिथे हाडाला चीर पडते. पिचर जवळजवळ जागेवरून, वाकलेल्या कोपराने, १८.४४ मीटरवर चेंडू फेकतो. त्याचा भार कोपर आणि खांदा घेतात. मुंबईतले तुमचे मामा-काका "आमच्या वेळी आम्ही दिवसभर बोलिंग टाकायचो" म्हणाले तर त्यांचं ऐकून घ्या, पण ते या खेळाला लागू नाही.

३ सप्टेंबर २०१० रोजी स्ट्रॅसबर्गची 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया झाली. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून ते नाव. कोपराखालच्या हातातली किंवा मांडीमागची एक कंडरा काढून लिगामेंटच्या जागी हाडांत भोकं पाडून ओवतात. परतायला बारा ते अठरा महिने लागतात. अलीकडे काही पालक मला विचारतात, ही शस्त्रक्रिया आधीच करून घेतली तर वेग वाढतो का? नाही वाढत. वर्षभर सक्तीचा शिस्तबद्ध व्यायाम होतो, म्हणून काहींचा वेग वाढलेला दिसतो. तो व्यायाम कोपर न कापताही करता येतो.

तेव्हा पुष्कळांनी स्ट्रॅसबर्गचे फोटो काढून दाखवले, की पाय टेकताना त्याची दोन्ही कोपरं खांद्याच्या वर जातात, म्हणून हे झालं. या म्हणण्याला भक्कम पुरावा नाही. एका थांबवलेल्या फोटोवरून कोणी तुमच्या मुलाची ढब बदलायला निघालं, तर त्याला नम्रपणे नको म्हणा.

आता २०१२. त्या वर्षीची भांडणं अजून संपलेली नाहीत, आणि तुमच्या घरातही ती होत असणार. शस्त्रक्रियेनंतरचा त्याचा तो पहिला पूर्ण हंगाम. नॅशनल्सचे महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी आधीच सांगितलं होतं, की याच्या इनिंग मर्यादित राहतील. नॅशनल्स ९८ सामने जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले आले. आणि सप्टेंबरमध्ये, १५ विजय आणि १५९⅓ इनिंग झाल्यावर, त्यांनी स्ट्रॅसबर्गला थांबवलं. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तो खेळला नाही. सेंट लुइसविरुद्धच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात संघ ६-० ने पुढे होता आणि ९-७ ने हरला. लोक म्हणाले, पोराला कापसात गुंडाळून ठेवलं आणि हातची संधी घालवली. स्वतः स्ट्रॅसबर्गलाही तो निर्णय रुचला नव्हता.

माझं मत तेव्हाही रिझोंच्या बाजूने होतं, आजही आहे. कारण हा नियम त्यांनी स्ट्रॅसबर्गसाठी बनवला नव्हता. आदल्या वर्षी जॉर्डन झिमरमन हा त्यांचा दुसरा एक पिचर त्याच शस्त्रक्रियेतून परतत होता, आणि त्यालाही १६१⅓ इनिंगवर थांबवलं होतं. तेव्हा संघ हरणारा होता, म्हणून कोणी हूं की चूं केलं नाही. जिंकत असतानाही नियम पाळणं अवघड असतं, आणि त्यांनी तो पाळला. "पुढे तो जखमी झालाच ना, मग थांबवून काय मिळालं?" असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, पुढची सात वर्षं मिळाली. त्या लिगामेंटवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही. २०१४ मध्ये २४२ स्ट्राइकआउट, नॅशनल लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी त्याच्या संघाच्या) बरोबरीने पहिला. २०१७ मध्ये २.५२ ची सरासरी, आणि शिकागोत आजारी असताना सात इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआउट करून प्लेऑफ सामना जिंकून दिलेला.

आणि २०१९. तुमच्या मुलाला या वर्षातली एक गोष्ट मुद्दाम दाखवा. २०१० मध्ये स्ट्रॅसबर्गचा फास्टबॉल सरासरी ९७ मैलांच्या वर होता. २०१९ मध्ये तो ९४ च्या आसपास उतरला होता. आणि तेच त्याचं सर्वांत मोठं वर्ष ठरलं: १८ विजय, २०९ इनिंग, दोन्हींत नॅशनल लीगमध्ये पहिला. कर्व्हबॉल (वळत खाली येणारा चेंडू) आणि चेंजअप यांवर तो फास्टबॉलइतकाच, कधी कधी जास्तच, विसंबत होता. प्लेऑफमध्ये पाच विजय आणि शून्य पराभव. वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ह्यूस्टनने पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा काढल्या. पिचिंग प्रशिक्षक पॉल मेनहार्ट यांच्या लक्षात आलं, की कुठला चेंडू येणार हे त्याच्या हातमोज्यातल्या हालचालीवरून फलंदाजांना कळतंय. सांगितल्याबरोबर त्याने प्रत्येक चेंडूआधी हातमोजा हलवत राहायला सुरुवात केली, म्हणजे कोणालाच काही वाचता येऊ नये. त्यानंतर नवव्या इनिंगपर्यंत धाव नाही. ८⅓ इनिंग, १०४ चेंडू. ड्राफ्टमध्ये पहिला आलेला खेळाडू वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, असं तोवर झालं नव्हतं. चढत्या वेगाचा मुलगा म्हणून जग ज्याला ओळखत होतं, त्याने आपलं सर्वोत्तम काम उतरत्या वेगावर केलं. तुमच्या मुलाच्या फोनमध्ये स्ट्रॅसबर्गचे जे व्हिडिओ असतील ते १०० मैलांचे असतील. त्याला हे १०४ चेंडू बघायला सांगा, एकेक करून.

त्या वर्षी त्याने नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून २४५⅓ इनिंग टाकल्या. डिसेंबरमध्ये नॅशनल्सने त्याच्याशी २४ कोटी ५० लाख, म्हणजे २४५ दशलक्ष, डॉलरचा सात वर्षांचा करार केला. दोन आकडे इतके जुळावेत हा योगायोगच, पण मला तो दरवेळी बोचतो. कारण त्या करारानंतर तो मोठ्या लीगमध्ये फक्त आठ सामने सुरू करू शकला, एकूण ३१⅓ इनिंग. आधी मनगटातली नस, मग थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. गळ्याखाली हंसळीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. वर्षानुवर्षं फेकून मानेचे स्नायू जाड होतात, फट अरुंद होते आणि नसा चेमटतात. बोटं बधिर होतात, हातातली पकड जाते. २०२१ मध्ये त्याची एक बरगडी आणि मानेचे दोन स्नायू काढले. ९ जून २०२२ रोजी मायामीविरुद्ध तो शेवटचा पिचिंगला उतरला. एप्रिल २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर झाली, वय ३५. एकूण ११३ विजय, ६२ पराभव, १,७२३ स्ट्राइकआउट.

कोपर पुन्हा जोडता येतं. या नसांना एकदा मोठी इजा झाली, की आमच्याकडे देण्यासारखं फार थोडं उरतं. अशा रुग्णांसमोर बसलोय, म्हणून सांगतो. पैसे घेऊन बसून राहिला असं त्याच्याबद्दल लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. ज्या माणसाचा हात बधिर होतो तो आळशी नसतो.

आता तुमच्या मुलाकडे येतो. सतराव्या वर्षी ८८ मैल हा चांगला वेग आहे, कॉलेजात खेळण्यापुरता नक्की. ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही तर आकाश कोसळत नाही. चार वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं की साधारण तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षं होईपर्यंत ड्राफ्ट नाही, हे मात्र माहीत असू द्या. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजला ही अट नाही. पहिल्या कॉलेजात खेळायलाच मिळणार नसेल तर तो रस्ता कमीपणाचा मानू नका. अर्धवट शिष्यवृत्तीबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडी निराशा जाणवली. बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं पहिल्या श्रेणीच्या संपूर्ण संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या, त्या पंचवीस-तीस मुलांत वाटल्या जायच्या. २०२५ पासून नियम बदलले आहेत आणि नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना ३४ जणांच्या संघात कितीही देता येतात, पण देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. मुलाला अर्धी मिळते आहे म्हणजे त्यांना तो हवा आहे.

रकमेपेक्षा मी त्या कॉलेजात जाऊन काय विचाराल ते महत्त्वाचं मानतो. पहिल्या वर्षी त्याला किती इनिंग देणार? "भरपूर" हे उत्तर मला नको आहे. 'अंगात जोर येईपर्यंत थोड्या' हे हवं आहे. शरद ऋतूतल्या सरावात वेग वाढवण्याचे जड चेंडूंचे कार्यक्रम करून घेतात का, आणि त्या आठवड्यांत बाकीचे चेंडू कमी करतात का? चेंडूंची मोजणी कोण ठेवतं, सरावातलेही मोजतात का? आणि सामना जिंकत आलेला असताना प्रशिक्षकाला "आता याला काढा" म्हणण्याचा अधिकार तिथल्या फिजिओला किंवा ट्रेनरला आहे का? हा शेवटचा प्रश्न प्रशिक्षकासमोर विचारा आणि ट्रेनरच्या चेहऱ्याकडे बघा.

तोवर या वर्षीचं बघू. १७-१८ वयाला अमेरिकन बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात एका दिवशी १०५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि ८१ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. वर्षातले किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद. शाळा, क्लब आणि शनिवार-रविवारच्या प्रदर्शन स्पर्धा यांची मोजणी वेगवेगळ्या वहीत असते, ही खरी अडचण. माझ्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा आला होता. क्लबसाठी शनिवारी ७० चेंडू, रविवारी दुसऱ्या स्पर्धेत ६०, आणि मधल्या सामन्यात तोच कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. प्रत्येक प्रशिक्षकाच्या वहीप्रमाणे तो मर्यादेत होता. कोपराचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. आठ महिने त्याने चेंडू हातात घेतला नाही. त्याची आई मला म्हणाली, "मोजत कोणीच नव्हतं का?" ताई, तुम्ही मोजा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, सरावासकट. पिचिंग केलेल्या दिवशी त्याला कॅचर म्हणून उभं राहू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं का ते विचारा. मुलं मैदानावर खोटं सांगतात, बेसिनपाशी तितकं जमत नाही.

उन्हाळ्यातलं त्याचं काम म्हणाल तर स्ट्रॅसबर्गने २००६-०७ मध्ये केलं तेच: पाय, नितंब, कंबर, झोप आणि जेवण. एका पायावर सावकाश अर्धी बैठक घालताना त्याचा गुडघा आत कोसळतो का बघा. कोसळत असेल तर ९० मैलांच्या मागे लागण्याआधी तो गुडघा स्थिर करायचा आहे. खांदा पूर्ण वर जातो का, आणि दोन्ही खांद्यांच्या एकूण फिरण्यात फार तफावत आहे का, हे जवळच्या फिजिओकडून मोजून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

तुम्ही शेवटी विचारलंय, की आत्ताच कोपराचा एमआरआय काढून ठेवावा का. दुखत नसेल तर नको. वर्षानुवर्षं पिचिंग केलेल्या, काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ हातांच्या एमआरआयमध्ये लिगामेंट जाड झालेलं, थोडं विरलेलं दिसतं. तो अहवाल हातात घेऊन घरात फक्त धास्ती येते. आतल्या बाजूला नेमकं दुखत असेल, वेग अचानक तीन-चार मैलांनी उतरला असेल किंवा करंगळीला मुंग्या येत असतील, तर त्याच आठवड्यात दाखवा, आणि दाखवेपर्यंत चेंडू घरातच ठेवा.